तट, माळवद आणि निवारा

युद्धकाळात बचावासाठी बांधलेल्या वास्तूचा आकार मुख्यतः एका अंदाजावर ठरतो, तो म्हणजे धोका कोणत्या दिशेने येणार हा. घोडदळ आणि पायदळ समोरून चालून येई तोवर उंच तट पुरेसा होता. तोफा आल्यावर उंचीपेक्षा जाडीला महत्त्व आले आणि बुरुज गोलाकार, भक्कम व तटाच्या पुढे आलेले असे बांधले जाऊ लागले. विमान आले तेव्हा मात्र तट आणि बुरुज या दोहोंचे प्रयोजनच बदलले, कारण शत्रूला सामोरी जाणारी बाजू आता भिंत नसून छप्पर झाली. हवाई हल्ल्यापासूनचा निवारा, म्हणजे बॉम्बचा स्फोट, त्याचे उडणारे तुकडे आणि ढासळणारी घरे यांपासून माणसांना काही वेळापुरते वाचवणारी लहानशी जागा, ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे, आणि जगात अनेक गावांनी असे एखाद्‌दुसरे निवारे आता स्थानिक स्मारक म्हणून राखले आहेत. धाराशिव जिल्ह्याच्या स्मारकांत किल्ले, लेणी आणि मंदिरे येतात, त्यामुळे हा विषय जिल्ह्याच्या इतिहासाबाहेरचा वाटण्याची शक्यता आहे. पण नळदुर्गाची तटबंदी, सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाई आणि ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर छपराखालच्या सुरक्षिततेचा प्रश्न या जिल्ह्याइतका जवळून फार थोड्या प्रदेशांनी अनुभवला असेल असे दिसते.

नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातील गाव सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि तेथील किल्ला बोरी नदीच्या वळणात, काळ्या पाषाणाच्या पठारावर उभा आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून या जागेचे महत्त्व सांगितले जाते. पुढे ती बहमनी सत्तेकडे आणि बहमनी राज्य फुटल्यावर विजापूरच्या आदिलशाहीकडे आली. किल्ल्याच्या आजच्या रूपावर आदिलशाहीचा ठसा सर्वांत ठळक आहे. शंभराहून अधिक बुरुजांची ही तटबंदी तोफांच्या युगासाठी बांधलेली असून, तिच्यातील उपळी बुरुज हा तटात गुंफलेला नसून किल्ल्याच्या आत स्वतंत्रपणे उंच उठवलेला आहे, जेणेकरून त्याच्या माथ्यावरील लांब पल्ल्याच्या तोफांना तटाच्या डोक्यावरून चौफेर मारा करता यावा. म्हणजे वरच्या दिशेचा विचार या बांधणीत होता, परंतु तो वरून खाली पाहण्याचा व मारा करण्याचा विचार होता. आपल्याच डोक्यावर काही येऊन पडेल याची काळजी करण्याचे कारण त्या काळच्या बांधकाम करणाऱ्याला क्वचितच होते.

याच किल्ल्यात एक जागा मात्र अशी आहे की जिचा उल्लेख निवाऱ्यांच्या शास्त्रात अवश्य व्हावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन नावाच्या बांधकामतज्ज्ञाने बोरी नदीवर दगडी बंधारा घातला आणि मुख्य किल्ला व पलीकडच्या काठावरचा रणमंडळ हा उपकिल्ला यांना जोडले. या बंधाऱ्याच्या पोटात काढलेल्या दालनांना पाणीमहाल म्हणतात. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी वाहू लागले की नर आणि मादी या नावांनी ओळखले जाणारे दोन धबधबे कोसळतात, आणि तरीही त्यांच्या मधल्या दगडी गाभ्यातील दालन कोरडे राहते. पर्यटकाला तेथून दिसणारे पाण्याचे पडदे लक्षात राहतात. अभ्यासकाने मात्र त्या दालनाच्या कमानींकडे पाहावे. माथ्यावरचे प्रचंड वजन आणि मागून रेटणारे पाणी या दोहोंचा भार कमानींमधून बाजूच्या भरीव दगडांत उतरवला आहे, उतरण्याचा जिना अरुंद व वळणाचा ठेवला आहे, आणि उजेड व हवा धबधब्याच्या बाजूच्या झरोक्यांतून आत घेतली आहे. माणसाला प्रचंड वस्तुमानाच्या आत सुखरूप बसवायचे असेल, तर भार वाहून नेणारी रचना, वळणाची वाट, हवा आणि पाण्याचा बंदोबस्त या चार गोष्टी लागतात, आणि राजविलासासाठी बांधलेल्या या वास्तूत त्या चारही आहेत. हवाई निवाऱ्याचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यांना तीन शतकांनंतर याच चार गोष्टी नव्याने सोडवाव्या लागल्या.

जिल्ह्याचा विमानांशी आलेला संबंध मुख्यतः सत्तेच्या मार्गाने आला. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव पडले होते. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे बदलून धाराशिव झाले. याच निजामाने पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला विमानांसाठी मोठी देणगी दिली, म्हणून त्या दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव जोडले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धातील १५२ व २५३ क्रमांकाच्या तुकड्यांनाही तेच नाव मिळाले. परंतु परक्या साम्राज्यासाठी विमाने पुरवणाऱ्या या राज्याकडे १९४८ मध्ये स्वतःचे असे लढाऊ हवाई दल नव्हते, आणि हा फरक नळदुर्गाच्या रस्त्यावर निर्णायक ठरला.

भारत स्वतंत्र झाल्यानंतर हैदराबाद संस्थानाने विलीनीकरण नाकारले, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार केला आणि पुढील काही महिन्यांत रझाकार या सशस्त्र संघटनेने मराठवाड्यातील गावांवर जी दहशत बसवली तिच्यामुळे शेकडो कुटुंबांनी सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला आसरा घेतला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेस या काळात सरहद्दीलगत छावण्या चालवून लढा देत होती. स्वामीजींचे आरंभीचे शैक्षणिक कार्य आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत झाले होते, म्हणजे हा लढा जिल्ह्याच्या मातीतूनही वाढला होता. भारतीय सैन्याची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे सुरू झाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या सेनापतित्वाखालील मुख्य फौज सोलापूरकडून निघाली आणि तिची पहिली चकमक नळदुर्ग येथे हैदराबादच्या पहिल्या पायदळ पलटणीशी झाली. बोरीवरील पूल शाबूत हाती लागणे हा या चकमकीतील कळीचा मुद्दा होता, कारण सप्टेंबरच्या पुरात नदी ओलांडण्याचा दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. वेग आणि अनपेक्षितपणा यांच्या बळावर तो पूल न मोडता घेतला गेला, त्यानंतर दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गाची मोर्चेबंदी काबीज केली आणि चिलखती गाड्या जळकोटच्या दिशेने पुढे सरकल्या. त्याच दिवशी दुपारपर्यंत सैन्य उमरग्याला पोहोचले. दुसऱ्या एका तुकडीने तुळजापूर गाठले, तेथे सुमारे २०० रझाकार आणि निजामाचे सैनिक यांनी दोन तास प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. तेथून लोहाऱ्याकडे जाण्याचा बेत मात्र फुगलेल्या नदीने अडवला.

दुसऱ्या दिवशीची घटना या लेखाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. १४ सप्टेंबर रोजी उमरग्याहून पूर्वेकडे, सुमारे ४८ किलोमीटर दूरच्या राजेश्वरकडे सैन्य निघण्यापूर्वी विमानांनी केलेल्या पाहणीत रस्त्याच्या कडेने दबा धरून बसलेले मोर्चे आढळले, आणि भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट जातीच्या विमानांना त्यांच्यावर हल्ला करण्यास पाठवण्यात आले. रस्त्याकडे तोंड करून खणलेला मोर्चा समोरून येणाऱ्या पायदळाला पुरून उरतो, परंतु त्याला वर छप्पर नसते आणि आकाशातून तो नकाशावरच्या रेघेसारखा स्पष्ट दिसतो. ज्या तटांनी शतकानुशतके या मार्गावर पहारा केला त्यांना या लढाईत काही तासांपलीकडे महत्त्व राहिले नाही. १७ सप्टेंबरला संस्थानाने युद्धविराम जाहीर केला, दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या सैन्याचे प्रमुख अल इद्रूस यांनी औपचारिक शरणागती पत्करली, आणि १७ सप्टेंबर हा मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. या चार-पाच दिवसांच्या खुणा, म्हणजे नळदुर्गाचा पूल, जळकोटकडची चढण, तुळजापूरभोवतीची उंचवट्याची ठिकाणे, या जिल्ह्याच्या नकाशावर स्मारक म्हणून फारशा नोंदल्या गेलेल्या नाहीत, आणि हे दुर्लक्ष मनाला लागणारे आहे.

बॉम्ब माणसाला नेमका कशाने मारतो हे लक्षात घेतल्याशिवाय निवाऱ्याची रचना समजत नाही. स्फोट होताच हवेचा दाब एका क्षणात प्रचंड वाढतो आणि ती दाबाची लाट आवाजाहून अधिक वेगाने चहूकडे पसरते. अंतर वाढेल तशी ती झपाट्याने दुबळी होत जाते, आणि तिच्यामागून दाब काही काळ नेहमीपेक्षा कमी होतो, त्यामुळे भिंती आधी आत ढकलल्या जाऊन मग बाहेर ओढल्या जातात. दुसरा मारा बॉम्बच्या फुटलेल्या पोलादी कवचाचा, ज्याचे तुकडे सरळ रेषेत उडतात. तिसरा, आणि शहरांमध्ये सर्वांत घातक, म्हणजे फुटणारी काच व कोसळणारी घरे. यांपैकी पहिल्या दोहोंवर माती हा उत्तम आणि स्वस्त उपाय आहे, कारण भुसभुशीत माती दाबाची लाट जिरवते आणि तुकडे अडवते. म्हणूनच जमिनीत खणलेला खंदक हा सर्वांत प्राथमिक निवारा ठरला. तो सरळ न खणता नागमोडी खणतात, जेणेकरून एका टोकाला बॉम्ब पडला तर त्याची लाट व तुकडे संपूर्ण लांबीभर धावू नयेत. प्रवेशद्वारालाही याच कारणाने काटकोनात वळण दिले जाते, आणि एक वाट ढिगाऱ्याखाली गेली तर बाहेर पडता यावे म्हणून दोन वाटा ठेवल्या जातात. वस्तीतील इमारतींच्या दाराशी उभारलेली आडभिंत हे त्याच वळणाचे रूप होय.

निवारा जितका घट्ट बंद करावा तितका हवेचा प्रश्न बिकट होतो. धाराशिव आणि सोलापूर भागात धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोल पेव काढण्याची जुनी रीत होती. बंद पेवातील धान्य श्वसन करते, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि म्हणून पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच मोकळे ठेवून मगच माणूस आत उतरत असे. माणसांनी भरलेल्या बंद तळघरात हीच क्रिया माणसांच्या श्वासाने घडते, आणि धान्याच्या तुलनेत फार वेगाने घडते. निवाऱ्यातील खालचा झरोका, वरचा धुराड्यासारखा मार्ग किंवा हाताने फिरवायचा पंखा यांना बांधकामातील किरकोळ भाग समजणे म्हणून चूक आहे. आत किती माणसे किती वेळ जिवंत राहतील हे तेच ठरवतात.

ब्रिटनमध्ये या प्रश्नांची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. तेथील नागरी संरक्षणाची जबाबदारी सांभाळणारे मंत्री जॉन अँडरसन यांच्या नावाने ओळखला जाणारा निवारा पन्हाळीच्या पोलादी पत्र्यांचा होता. तो परसात सुमारे चार फूट खोल पुरून वर किमान पंधरा इंच माती टाकायची, आणि त्यात सहा माणसांनी बसायचे. युद्ध सुरू होण्यापूर्वीच असे १५ लाख निवारे वाटले गेले होते आणि एकूण संख्या ३६ लाखांवर गेली. पत्रा आणि माती यांचा हा साधा संयोग बहुतांशी यशस्वी ठरला, त्यातील मोठी अडचण आत साचणाऱ्या पाण्याची होती. याच्या उलट अनुभव रस्त्याकडेला बांधलेल्या विटांच्या सार्वजनिक निवाऱ्यांचा आला. जाड विटांच्या भिंती आणि वर सिमेंट काँक्रीटचे भक्कम छत अशी त्यांची रचना दिसायला दमदार होती, पण त्यांतील काही बांधताना सिमेंट न घालता नुसते चुना-वाळूचे मिश्रण वापरले गेले. जवळच्या स्फोटाने जमीन हादरली की अशा भिंती सुटत आणि वरचे अखंड छत आत बसलेल्यांवर येई. बाहेरच्या धोक्यासाठी केलेली जाडीच येथे मृत्यूचे कारण झाली.

या अनुभवातून जो विचार पुढे आला तो धाराशिवच्या वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील प्राध्यापक जॉन बेकर यांनी १९४१ मध्ये घरातच ठेवता येईल असा निवारा योजला, तो मंत्री हर्बर्ट मॉरिसन यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. पोलादी पाट्याचे बुटके मेज आणि त्याच्या चारी बाजूंना जाळी, एवढेच त्याचे स्वरूप होते. दिवसा कुटुंब त्यावर जेवे आणि रात्री त्याखाली झोपे. बेकर यांनी असे मांडले की, पोलादाचा सांगाडा न मोडता वाकू शकतो आणि वाकताना कोसळणाऱ्या भाराची शक्ती स्वतःत जिरवतो, म्हणून तो अढळ राहण्याची गरज नाही, तो फक्त सलग राहायला हवा. अतोनात नुकसान झालेल्या ४४ घरांच्या एका पाहणीत, अशा निवाऱ्यांत असलेल्या १३६ माणसांपैकी ३ मृत्यू पावली आणि १३ गंभीर जखमी झाली. बाकीची घराच्या ढिगाऱ्याखालून एकतर सुखरूप किंवा किरकोळ जखमांसह निघाली. घर पडले तरी माणूस वाचू शकतो, हा विचार वास्तुशास्त्रात यापूर्वी इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ केंद्र असलेला भूकंप झाला, तेव्हा गणेशविसर्जन आटोपून गावे झोपलेली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावल्याचे सरकारी आकडे सांगतात. उमरगा आणि लोहारा परिसरातील गावांना, त्यांत सास्तूरला, जबर तडाखा बसला. भूकंपाची तीव्रता लक्षात घेता मृतांची संख्या फार मोठी होती आणि तिचे कारण घरांच्या बांधणीत होते. या भागातील पारंपरिक घर दोन ते तीन फूट किंवा त्याहून जाड भिंतींचे असे, पण त्या भिंतींतील ओबडधोबड दगड केवळ मातीच्या चिखलात बसवलेले असत आणि आतल्या व बाहेरच्या थराला एकत्र बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. गळती थांबावी म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडे आणि थर कधी अर्ध्या मीटरच्याही पुढे जाई. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही माती हादऱ्यात टनांच्या हिशेबाने खाली आली आणि भिंती दोन्ही थरांत उकलून पडल्या. लंडनच्या विटांच्या निवाऱ्याची आणि मराठवाड्यातील माळवदाची कहाणी इथे एकच होते: जड छप्पर आणि सुटी भिंत.

परंतु याच विनाशात दुसरेही दृश्य दिसले, आणि ते कमी लोकांनी नोंदले. ज्या घरांत खणांची जुनी रचना नेटकी होती, म्हणजे लाकडी खांब आणि त्यांवर आडव्या तुळया यांचा स्वतंत्र सांगाडा छप्पर पेलत होता व दगडी भिंत केवळ आडोसा म्हणून होती, तेथे भिंती बाहेरच्या बाजूला पडूनही सांगाडा अनेकदा उभा राहिला आणि त्याखालची जागा मोकळी राहिली. लाकूड झुकले, सांधे कुरकुरले, पण माळवद एकदम खाली आले नाही. बेकर यांनी गणिताने मांडलेले तत्त्व या गावांतील सुतारांच्या हातात आधीपासून होते. ते टिकवण्याइतके चांगले लाकूड पुढच्या पिढ्यांना परवडेनासे झाले आणि भार हळूहळू भिंतींवर सरकला, हे खरे दुर्दैव. भूकंपानंतर पुनर्वसनात उभी राहिलेली वसाहतीची घरे या तत्त्वावर नव्हे तर सिमेंट आणि लोखंडावर विसंबली, त्यामुळे जुन्या गावठाणांत अद्याप उभी असलेली खणांची घरे ही संकटात टिकलेल्या रचनेची साक्ष म्हणून मोलाची ठरतात.

महाराष्ट्रात युद्धकाळातील जमिनीखालच्या वास्तूचे जतन कसे होऊ शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या मलबार हिलवरील राजभवनात आहे. तेथे ऑगस्ट २०१६ मध्ये राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या पुढाकाराने बंद केलेली वाट उघडली असता ब्रिटिशकालीन विस्तीर्ण बंकर आढळला, ज्यात १३ खोल्या, वीस फूट उंचीचे प्रवेशद्वार आणि लांब मार्गिका होत्या. दारूगोळ्याचे कोठार, तोफगोळे वर चढवण्याची जागा, पंप आणि कार्यशाळा अशी नावे भिंतींवर इंग्रजीत वाचता येत होती. काटेकोरपणे बोलायचे तर हा नागरिकांसाठीचा हवाई निवारा नव्हे. समुद्राकडून येणाऱ्या जहाजांवर मारा करणाऱ्या तोफांची ती रसदखोली होती. तथापि पाण्याचा निचरा करणाऱ्या वाहिन्या आणि उजेड व ताजी हवा आत आणणारे मार्ग तेथे शाबूत होते, आणि या भागांमुळेच अनेक दशके बंद राहूनही ती वास्तू खचली नाही. दुरुस्तीनंतर १८ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तेथे संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले, आणि १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याच भुयारात क्रांतिकारकांविषयीचे क्रांतिगाथा दालन सुरू झाले. स्वातंत्र्यलढ्याची गाथा सत्ताधीशांच्या कोठारात मांडण्याची कल्पना प्रभावी आहे, परंतु पाहणाऱ्याचे लक्ष चित्रांकडे जाऊन मूळ खोल्यांच्या रचनेकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढी खबरदारी अशा मांडणीत घ्यावी लागते.

मुंबईवर दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ला झाला नाही, पण एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांवर बॉम्ब टाकल्यावर देशभर जी काळजी पसरली तिची झळ या शहरालाही लागली. १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन या जहाजावरील स्फोटकांमुळे गोदी उद्ध्वस्त झाली तेव्हा हा शत्रूचाच हल्ला असा अनेकांचा समज झाला. पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भोंगा वाजला की दिवे मालवणे, खिडक्यांच्या काचांना काळे कागद व चिकटपट्ट्या लावणे, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवणे हा नागरी जीवनाचा भाग झाला, आणि १९६८ मध्ये नागरी संरक्षणाचा कायदा अस्तित्वात आला. हे सारे भूतकाळात जमा झालेले नाही. जम्मू विभागातील सीमेलगतच्या गावांसाठी २०१७ मध्ये १४,४६० बंकरांना मंजुरी मिळाली. त्यांतील कुटुंबाचा बंकर आठ माणसांसाठी १६० चौरस फुटांचा आणि सामूहिक बंकर चाळीस माणसांसाठी ८०० चौरस फुटांचा ठरवला गेला, म्हणजे माणशी वीस चौरस फूट. सीमेवरील शेतकऱ्याच्या घराशेजारी काँक्रीटचा असा ठोकळा आज रोजच्या वापराची वस्तू आहे. मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम घेतली गेली तेव्हा महाराष्ट्रातील काही शहरांत भोंगे पुन्हा वाजले.

लहान निवारा स्मारक म्हणून टिकवणे मोठा किल्ला टिकवण्याहून अवघड असते. किल्ल्याची भव्यता स्वतःच आपली बाजू मांडते. निवारा मात्र दिसायला कुरूप, अंधारा आणि दमट असतो, वटवाघळे व कचरा यांनी भरतो, आणि युद्ध संपताच त्याची जागा कोणालातरी दुसऱ्या कामासाठी हवी असते. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात पुरातत्त्व परिषदेच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी विसाव्या शतकातील सुमारे २०,००० संरक्षणविषयक ठिकाणांची नोंद केली, आणि त्या नोंदींमुळेच अनेक साध्या निवाऱ्यांना पाडण्यापासून वाचवता आले. भारतात राष्ट्रीय पातळीवरील १९५८ च्या स्मारक कायद्यानुसार वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते, त्यामुळे १९४८ च्या खुणा या मोजणीत २०४८ पूर्वी येत नाहीत. तोवर जबाबदारी राज्य, नगरपालिका, ग्रामपंचायत आणि स्थानिक अभ्यासक यांच्याकडेच राहते. जतन करताना फक्त भिंती आणि छप्पर उभे ठेवून भागत नाही. दाराचे वळण रुंदीकरणासाठी सरळ केले, हवेचा झरोका पाखरे येतात म्हणून बुजवला किंवा निचऱ्याची नाली फरशीखाली गाडली, तर वास्तू उभी राहते आणि तिचा अर्थ मात्र निघून जातो, शिवाय काही पावसाळ्यांत ओल धरून तीही खचते. बाहेर पडणाऱ्या व आत शिरणाऱ्या गर्दीचा विचार करणेही तितकेच आवश्यक आहे: लंडनमधील बेथनल ग्रीन येथे ३ मार्च १९४३ रोजी एकही बॉम्ब न पडता निवाऱ्याच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसे दगावली, आणि त्यामुळे जिन्याच्या कठड्यालाही निवाऱ्याच्या इतिहासात जागा मिळाली.

नळदुर्ग राज्य संरक्षित स्मारक आहे आणि अलीकडच्या काळात तेथे स्वच्छता, दुरुस्ती व पर्यटनसुविधा यांकडे लक्ष दिले गेले आहे. त्याच जिल्ह्यातील परंडा येथे, जेथे अहमदनगर पडल्यावर १६०० मध्ये मलिक अंबरने निजामशाहीची राजधानी नेली आणि जेथे १६३४ मध्ये शहाजादा शुजा व महाबतखान यांचा वेढा निष्फळ ठरला, तेथे तोफांच्या मोकळ्या बुरुजांपेक्षा दारूगोळ्याच्या बंदिस्त खोल्यांना जवळून पाहावे. तेथे ठिणगी, ओल आणि स्फोट या तिन्ही संकटांचा विचार एकाच छपराखाली करावा लागत असे, आणि खोलीची जाडी बाहेरच्या शत्रूइतकीच आतल्या दारूच्या भयानेही ठरत असे. या खोल्यांचे मोजमाप, छतांची जाडी, झरोक्यांच्या दिशा, पाणीमहालाच्या कमानींचा छेद, १९४८ च्या चकमकींच्या जागा आणि उमरगा-लोहारा भागातील उरलेल्या खणांच्या घरांचे आराखडे एकाच नोंदवहीत आले, तर जिल्ह्यातील महाविद्यालयांतील स्थापत्य व इतिहास या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाचा कच्चा माल हाताशी मिळेल. मोजपट्टी, होकायंत्र आणि कॅमेरा एवढ्या साधनांनी हे काम सुरू होऊ शकते, आणि भूकंपानंतर नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांतील वडीलधारी माणसे अजून हयात आहेत, ज्यांना आपल्या जुन्या घरात खांब कोठे होता आणि तुळई कोठून फिरली हे हातवारे करून सांगता येते.